स्टेज तुमचं, सही त्यांची

कॉलेजच्या फेस्टची एकोणीस वर्षांची चेअरपर्सन काय काय करते, ते एकदा नीट मोजून बघा. पावसाळ्यातच ती ऑर्गनायझिंग कमिटीच्या मुलाखती घेते. स्पॉन्सर शोधते, त्यांच्या मार्केटिंगवाल्यांशी घासाघीस करते. मांडववाला, साउंडवाला, जनरेटरवाला, जेवणवाला अशा सगळ्यांची कोटेशन्स मागवते. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देते, रात्री दहाला स्पीकर बंद म्हणून वेळापत्रक दोनदा बदलते. बाहेरच्या कॉलेजांच्या कंटिंजंट लीडरांची भांडणं मिटवते. तीन दिवस धड झोपत नाही. शेवटी प्राचार्य स्टेजवर येतात, 'आमच्या विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण आहेत' म्हणतात आणि टाळ्या पडतात.

सोमवारी तीच मुलगी, लायब्ररी सहाऐवजी आठपर्यंत उघडी ठेवा, असं पत्र घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभी राहते. तेव्हा तिला सांगितलं जातं, 'आधी क्लास टीचरची सही आणा.'

लाखोंचा कार्यक्रम सांभाळायला ती मोठी असते आणि लायब्ररीच्या दोन तासांबद्दल बोलायला लहान. हा विरोधाभास आपल्याला खटकतसुद्धा नाही, इतके आपण त्याला सरावलो आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी गेल्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांना कार्यक्रम भरपूर दिले आणि मत काढून घेतलं. हा सौदा कुणी आपल्याला विचारून केला नाही. आपल्यातल्या बहुतेकांना असा सौदा झालाय हेही माहीत नाही. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीने तो आता आणखी पक्का होतोय, कारण आता कार्यक्रमाला क्रेडिटसुद्धा मिळतं.

फोटोत दिसणारा कॅम्पस

कुठल्याही कॉलेजचं इन्स्टाग्राम उघडा. फ्रेशर्स पार्टी, शिक्षक दिन, गरबा, ट्रॅडिशनल डे, टाय-साडी डे, संविधान दिन, मराठी भाषा गौरव दिन, गॅदरिंग, डिपार्टमेंटचं फेस्ट. वर्षभर काही ना काही चालूच. बघणाऱ्याला वाटावं, इथे मुलांचंच राज्य आहे.

आता त्याच कार्यक्रमांच्या मागे जा. तारीख कोण ठरवतं? कमिटीवरचे प्राध्यापक. पाहुणे कोण? संस्थेचे हितचिंतक. प्रेक्षक कसे जमतात? हजेरी लागणार असा मेसेज ग्रुपवर पडतो म्हणून. शेवटी गूगल फॉर्म भरायचा, सर्टिफिकेट मेलवर येतं. फोटो मात्र आठवणीने काढले जातात, तेही जिओटॅग केलेले, कारण नॅकच्या फायलीत ते लागतात. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. विद्यार्थी परिषद आणि कॉलेजच्या वेगवेगळ्या समित्यांवरचं विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व हेही त्यात येतं. मग परिषद कागदावर तयार होते. तिची एक बैठक होते, तिचाही फोटो निघतो.

यात ऑनर्सची भर पडली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून बाकीच्या कॉलेजांत नवी रचना आली. तीन वर्षांवर थांबलात तर साधी पदवी, चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक उपक्रम यांना 'को-करिक्युलर' म्हणून क्रेडिट. कल्पना वाईट नाही. नाटकात राबणाऱ्या पोराला वर्गात गैरहजर म्हणून छळण्यापेक्षा त्याच्या कामाचे गुण देणं कधीही चांगलं.

पण क्रेडिट देणारा हात एकच असतो. ज्या कमिटीच्या सरांविरुद्ध तुम्हाला बोलायचंय, तेच तुमच्या सहभागाचे गुण भरणार असतील, तर तुम्ही किती बोलाल? पूर्वी गॅदरिंगला शेलापागोटे व्हायचे. मुलं प्राध्यापकांना, प्राचार्यांनाही नावानिशी चिमटे काढायची आणि समोर बसलेले ते हसून घ्यायचे. आता स्क्रिप्ट आधी दाखवावी लागते. कार्यक्रम हा अभ्यासक्रमाचा भाग झाला की त्यातली आगाऊपणाची जागा पहिल्यांदा जाते. कॉलेजच्या कार्यक्रमांत मोलाची असते ती नेमकी हीच जागा.

१९८९ मध्ये काय झालं

हे सगळं असंच होतं का? नव्हतं. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो आपल्याला कुठेच शिकवत नाहीत.

१९८९ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी मार्चमध्ये ६१वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. देश म्हणाला, अठरा वर्षांचा माणूस पंतप्रधान कोण असावा यात भाग घेऊ शकतो. त्याच वर्षी मुंबईत कॉलेजच्या निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्याआधीही मारामाऱ्या, पळवापळवी होतच होती. लोक हादरले, आणि ते हादरणं खोटं नव्हतं. थेट निवडणुका बंद झाल्या. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्यावर शिक्का मारला: वर्गाचा प्रतिनिधी निवडून द्यायचा नाही, आधीच्या परीक्षेत ज्याला जास्त गुण तो प्रतिनिधी.

म्हणजे जो आमदार-खासदार निवडू शकतो, तो वर्गप्रतिनिधी निवडू शकत नाही, अशी व्यवस्था झाली. टॉपर प्रतिनिधी झाला. बिचाऱ्याची यात काही चूक नाही. पण वर्गाने त्याला पाठवलेलं नाही, म्हणून वर्गाला उत्तर द्यायला तो बांधील नाही. तो सूचना वर्गात वाचून दाखवतो. वर्गाचं म्हणणं वर पोहोचवणं हे त्याचं काम आहे, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ९९ व्या कलमात विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा निवडणूक आहे. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, हे सगळे कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट निवडायचे. शिवाय प्रत्येक वर्गाचा निवडून आलेला प्रतिनिधी. कायदा विधिमंडळाने केलाय, कुणा विद्यार्थी संघटनेची ती मागणी म्हणून पडून राहिलेली नाही.

२०१९ मध्ये निवडणुकांचं वेळापत्रकही ठरलं. मग विधानसभेची निवडणूक आहे, म्हणून ते पुढे ढकललं. मोठ्यांचं मतदान आहे म्हणून लहानांचं मतदान थांबलं. पुढच्या वर्षी कोविड आला. कोविड गेला, फेस्ट परत आली, गॅदरिंग परत आलं, परीक्षा ऑफलाइन झाल्या. परत आल्या नाहीत त्या निवडणुकाच.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला, तेव्हा सगळे म्हणाले, नगरसेवकच नाही तर गटाराची तक्रार कुणाकडे करायची? बरोबर प्रश्न होता. कॉलेजांत मात्र तीस वर्षं प्रशासकराज आहे आणि त्याला आपण 'शिस्त' म्हणतो.

एकाच शहरात दोन वयं

मुंबईतच बघा. पवईला आयआयटीमध्ये विद्यार्थी दरवर्षी आपले जनरल सेक्रेटरी मतदानाने निवडतात. उमेदवार जाहीरनामे मांडतात, होस्टेलमध्ये जाऊन प्रश्नांना उत्तरं देतात. त्याच आयआयटीत १९७१ पासून मूड इंडिगो चालू आहे. मतदानामुळे फेस्ट बुडालं नाही आणि फेस्टमुळे मतदानाची गरज संपली असंही कुणी म्हटलं नाही.

तिथून लोकलने अर्ध्या तासावरच्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या मुलाचं वय तेवढंच, मतदार ओळखपत्र तेच. पण त्याला मत नाही. फरक एवढाच की एकाने एक प्रवेशपरीक्षा पास केली आहे. मतदानाचा हक्क प्रवेशपरीक्षेच्या रँकवर द्यायचा असेल, तर तसं उघड म्हणा.

गंमत पुढे आहे. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. मुंबईत ती निवडणूकही लांबली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झालं. म्हणजे विद्यापीठात शिकत असताना मत नाही, विद्यापीठ सोडून गेलात की मत मिळतं. सासर सोडल्यावर सासरच्या स्वयंपाकाबद्दल मत विचारण्यासारखं आहे हे.

पण अडतंय कुठे?

'निवडणूक नसली तर काय बिघडलं?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारेही आहेत. त्यांना बिघडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. कॉलेजात लैंगिक छळाची तक्रार ऐकायला अंतर्गत तक्रार समिती असते. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीवर तीन विद्यार्थी हवेत, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत. नियमाचे शब्दच तसे आहेत. आता विचार करा. तक्रार एखाद्या वजनदार प्राध्यापकाविरुद्ध आहे. समितीवरची विद्यार्थिनी त्याच प्राध्यापकाच्या मित्रांनी नेमलेली आहे. तक्रार करायला निघालेली मुलगी दारातूनच परत फिरेल की नाही? त्याच नियमांत असंही आहे की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येणार नाहीत. किती कॉलेजांत मुलींच्या होस्टेलचं गेट मुलांच्या आधी बंद होतं, हे तुम्ही मला सांगा. नियम आहे. तो लागू करा म्हणून मागे लागणारं, निवडून आलेलं कुणी नाही.

दुसरी. यूजीसीने २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आणले. त्या समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी आहे. तो गुणवत्ता, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर नेमायचा, आणि त्याचं स्थान काय? विशेष निमंत्रित. स्वतःच्या घरात पाहुणा. तक्रार विद्यार्थ्यांची, समिती प्राध्यापकांची आणि विद्यार्थी निमंत्रित.

तिसरी, २०१७ चा उन्हाळा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. तयारी नव्हती. निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुणाचा परदेशातला प्रवेश हुकला, कुणाची नोकरी गेली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. अधिसभेत विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना जागा कायद्यानेच ठेवली आहे. तिथे हजारो मुलांच्या मतांवर निवडून आलेला कुणी 'आधी एका परीक्षेवर करून बघा' असं उभं राहून म्हणाला असता, तर सगळं टळलं असतं असा दावा मी करत नाही. पण तसं म्हणायला तिथे कुणी नव्हतं, एवढं खरं.

शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटीवर अडकलेले असताना फीसाठी निकाल रोखणं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस भरमसाट करणं, मेसमधलं पाणी, होस्टेलचं डिपॉझिट परत न मिळणं, अशा छोट्या गोष्टींचं तर विचारूच नका. त्या छोट्या वाटतात, पण तीन-चार वर्षांचं आयुष्य त्यांचंच बनलेलं असतं. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी मेसचं बिल वाढलं म्हणून संप केला. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या बिलात किती राजकारण असतं, हे सरकारांना तेव्हापासून पाठ आहे. विसरलो आपण.

'पुन्हा गुंडगिरी येईल'

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. कुणाचं पोर गेलं होतं, त्यामुळे तो उडवून लावता येत नाही. पण हिंसा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही होते, महापालिकेच्याही. म्हणून दहावीच्या टक्क्यांवर सरपंच नेमा, असं कुणी म्हणालं का? तिथे आपण बंदोबस्त वाढवतो, आचारसंहिता लावतो. कॉलेजात मात्र थेट पेटीच उचलून नेली.

आणि आचारसंहिताही तयार आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी मान्य केला. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत. छापील पोस्टर बंद. ७५ टक्के हजेरी हवी. गुन्हेगारी पार्श्वभूमी चालणार नाही. वर्ष सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक उरकायची, म्हणजे अभ्यासाचं निमित्तही नको. हे नियम निर्दोष आहेत असं नाही. पदासाठी आयुष्यात एकदाच उभं राहता येतं ही अट मला स्वतःला चुकीची वाटते. पण 'उपायच नाही' असं म्हणणाऱ्याने हा अहवाल वाचलेला नसतो, किंवा वाचून बाजूला ठेवलेला असतो.

'पक्ष घुसतील' हा दुसरा आक्षेप. पक्ष बाहेर आहेत कुठे? संस्थेच्या बोर्डावर आमदार चालतो. गॅदरिंगला उद्‌घाटक म्हणून मंत्री चालतो. फेस्टच्या गेटवर नगरसेवकाचा हात जोडलेला फ्लेक्स चालतो. फक्त विद्यार्थ्याला मत असलेलं चालत नाही. राजकारण कॅम्पसवर आहेच. त्यात आपल्या वाट्याला फक्त सतरंज्या उचलणं आलंय.

'मुलांनाच रस नाही' हा तिसरा, आणि मला सगळ्यात राग येतो तो याचा. विहीर बुजवायची आणि मग म्हणायचं, गावाला तहानच नाही. ज्या पिढीने कॉलेजात मतपेटी पाहिलीच नाही, तिला तिच्यात रस कुठून येणार? रस असतो की नाही ते फेस्टच्या कमिटीत जागा मिळवण्यासाठी लागलेल्या रांगेत बघा.

आपलीही एक गोष्ट

इतका वेळ संस्थांना आणि सरकारला बोललो. आता आपल्याकडे वळू, कारण आपणही सोवळे नाही.

फेस्टची पुढच्या वर्षीची चेअरपर्सन कशी ठरते? या वर्षीचे सिनिअर मुलाखत घेतात आणि निवडतात. त्यांनाही तसंच निवडलेलं असतं. कोण कुणाच्या ग्रुपमधलं, कुणाचं इंग्रजी फाडफाड, कुणाकडे गाडी आहे, कुणाच्या बाबांची स्पॉन्सरशी ओळख आहे, यावर अर्धा निकाल आधीच लागलेला असतो. तालुक्याच्या गावाहून आलेला, होस्टेलवर राहणारा मुलगा तीन वर्षं 'व्हॉलंटिअर'च राहतो. खुर्च्या लावतो, टी-शर्ट मिळतो. ज्या नेमणुकीच्या पद्धतीने आपल्याला गप्प केलं, तीच पद्धत हातात छोटीशी सत्ता येताच आपण चालू ठेवली. आणि फेस्ट संपल्यावर किती पैसे आले, किती गेले, याचा कागद नोटीस बोर्डावर लागलेला तुम्ही कधी पाहिलाय?

फेस्ट वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. कॉलेजमधल्या कितीतरी चांगल्या गोष्टी अभ्यासक्रमाबाहेरच घडतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवतंय. तिथे जाणारी पोरं क्रेडिटसाठी जात नाहीत. रात्र रात्र तालमी करतात, स्वतःचे पैसे घालतात, हरली की रडतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या तोडीचं नाटक नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही. गदारोळ झाला, वाद झाले. निर्णय पटो न पटो, तिथे काहीतरी पणाला लागलेलं होतं. जिथे हरता येतं तिथेच जिंकण्याला अर्थ असतो. प्रत्येकाला सर्टिफिकेट मेलवर पाठवणाऱ्या कार्यक्रमाबद्दल कुणी वाद घातल्याचं ऐकलंय?

निवडणूकही तशीच. तीत हरता येतं. चारशे लोकांसमोर उभं राहून 'मला का निवडावं' हे सांगावं लागतं आणि त्यातल्या तीनशेंनी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्टीनमध्ये चहा प्यावा लागतो. नेतृत्वगुण म्हणतात ते यालाच. त्याचं कुठलंही वर्कशॉप घेता येत नाही.

मग करायचं काय

सरकार जागं होईल तेव्हा होईल. तोवर हातात असलेल्या चार गोष्टी.

कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थी सदस्य कोण आहेत आणि ते कुठल्या तारखेला, कसे निवडले गेले, हे लेखी विचारा. लेखीच. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि ते हवेत विरतं.

तुमच्या फीच्या पावतीत जिमखाना, सांस्कृतिक उपक्रम, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी रकमा असतात. कॉलेज अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय दीडशे शब्दांत मांडा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गेल्या तीन वर्षांत त्या रकमांचं काय झालं, एवढंच विचारा. आरोप करू नका, हिशोब मागा.

वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रतिनिधी निवडा. कॉलेज त्याला मान्यता देणार नाही, न देऊ दे. साठ जणांच्या सहीने आलेल्या मुलीला 'तू कोण?' विचारणं एखाद्या एचओडीलाही जड जातं. आणि त्या चिठ्ठ्यांत मागच्या बाकावरच्यांच्या, मराठी माध्यमातून आलेल्यांच्या, होस्टेलवाल्यांच्या चिठ्ठ्याही तेवढ्याच वजनाच्या असतात, हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसेल.

फेस्टची कमिटीही तशीच निवडा. मुलाखती कौशल्याच्या कामांसाठी ठेवा, चेअरपर्सनसाठी मत घ्या. आणि शेवटच्या दिवसानंतर आठवड्याभरात हिशोब भिंतीवर लावा. जे आपण स्वतः करत नाही ते संस्थाचालकांकडे मागायला जीभ रेटत नाही.

यातलं काहीच बेकायदा नाही. कायदा उलट आपल्या बाजूने आहे. तो २०१७ पासून आपल्या बाजूने आहे, आणि त्या वर्षी अकरावीत बसलेली मुलं आज पदवी घेऊन नोकरीला लागली आहेत. त्यांच्यातल्या कुणीही कॉलेजात एकदासुद्धा मत दिलेलं नाही.

ऑनर म्हणजे मान. चौथ्या वर्षानंतर सर्टिफिकेटवर तो शब्द छापून मिळेल, १६० क्रेडिटं भरली की झालं. पण ज्या जागेत चार वर्षं काढली तिथे तुमच्या एका मतालाही किंमत नव्हती, तर तो मान नेमका कुणाचा?